मनूचा जर्मन साक्षीदार

मनुस्मृतीची वकिली करणाऱ्यांना एक विदेशी साक्षीदार फार प्रिय आहे. त्याचे नाव फ्रीडरिश नीत्शे. व्याख्यानमाला असो, परिसंवाद असो की मोबाइलवर फिरणारा संदेश असो, हा साक्षीदार ठरलेल्या वेळी हजर केला जातो. युक्तिवाद साधारण असा असतो : युरोपातल्या एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाने मनूचा ग्रंथ बायबलापेक्षा श्रेष्ठ ठरवला, आणि तुम्ही लोकांनी तो १९२७ साली महाडला जाळला! त्यावर आपल्यातला एखादा तरुण उठतो आणि सांगतो, नीत्शे तर हिटलरचा गुरू होता, त्याचे प्रमाणपत्र आम्हाला कशाला दाखवता? दोन्हीकडे टाळ्या पडतात. कार्यक्रम संपतो. चहा होतो.

आमचे म्हणणे असे आहे की या दोघांनीही नीत्शे वाचलेला नसतो, आणि न वाचण्याचे नुकसान दोघांना सारखे होत नाही. त्यांच्या पाठीशी परंपरा आहे, मठ आहेत, पैसा आहे. एखादे चुकीचे वाक्य बोलून गेले तरी त्यांचे काही बिघडत नाही. आपल्यापाशी पुराव्याशिवाय काय आहे? बाबासाहेबांनी आपल्या हातात ग्रंथ दिले, आकडे दिले, संदर्भ दिले. तो पुरावाच आपण ढिला सोडला तर उरते ती घोषणाबाजी. म्हणून या जर्मन साक्षीदाराची उलटतपासणी नीट करायला हवी. त्याला शिव्या देऊन तो खोटा ठरत नाही. त्याने काय पाहिले, कुठून पाहिले आणि नेमके काय सांगितले, हे विचारावे लागते.

नाशिकच्या कार्यकर्त्यांना तर या प्रकरणात विशेष रस असायला हवा. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी पाच वर्षे त्या दारापाशी लढत राहिले, मार खात राहिले. याच काळात, १९३१ साली, पुण्यात अहिताग्नी शंकर रामचंद्र राजवाडे यांनी नीत्शेच्या ‘ख्रिस्तांतक’ या पुस्तकावर मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. राजवाडे हे कोणी ऐरेगैरे नव्हते. वेदोपनिषदांवर भाष्ये लिहिणारे, घरी अग्निहोत्र बाळगणारे, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान मुळातून वाचणारे आणि चातुर्वर्ण्याचे उघड समर्थन करणारे ते विद्वान होते. ख्रिस्ती नीतीवर, समतेवर आणि लोकशाहीवर तुटून पडणारा जर्मन लेखक अशा सनातनी विद्वानाला का जवळचा वाटला असेल, हे फोड करून सांगायला नको. थोडक्यात, गोदावरीच्या काठी आमचे आजे-पणजे देवळाचे दार ठोठावत होते, तेव्हा मराठीत नीत्शे येऊन पोचलेला होता. पण तो दाराच्या आतल्या बाजूने आला. (योगायोग म्हणजे नीत्शेचा जन्म १५ ऑक्टोबर १८४४ चा आणि दादासाहेबांचा १५ ऑक्टोबर १९०२ चा. यातून काहीच सिद्ध होत नाही, पण तारीख लक्षात ठेवायला बरी पडते.)

हा साक्षीदार बाबासाहेबांना ठाऊक होता काय? होता, आणि चांगलाच ठाऊक होता. ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ हे त्यांचे लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली काढलेल्या तिसऱ्या खंडात ते आले. त्यात त्यांनी हिंदू धर्माला न्याय आणि उपयुक्तता या दोन कसोट्या लावल्या आहेत. निष्कर्ष असा की या धर्माच्या केंद्रस्थानी व्यक्ती नाही आणि समाजही नाही. तिथे एक वर्ग बसलेला आहे आणि त्याचे हित हेच चांगल्या-वाईटाचे माप आहे. जगात याच्यासारखे दुसरे तत्त्वज्ञान कुठले, असा प्रश्न ते स्वतःच उभा करतात आणि उत्तर देतात, नीत्शेचे. नीत्शेने ‘ख्रिस्तांतका’त मनूची जी स्तुती केली आहे, तिचा उताराही ते देतात. लपवाछपवी नाही. झरथुस्त्र म्हणजे मनूचेच नवे नाव, इथपर्यंत ते जातात.

बहुतेक लोक इथे पुस्तक मिटतात. आपल्या बाजूचेही मिटतात आणि पलीकडच्या बाजूचेही. पण बाबासाहेब इथे थांबलेले नाहीत. त्यांनी लगेच फरक सांगितला आहे, आणि आमच्या मते साऱ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. नीत्शेला अतिमानव घडवायचा होता. आज आहे त्या माणसाच्या पुढे जाणारा, अजून जन्माला न आलेला. मनूचा अतिमानव मात्र आधीच हजर होता, पाटावर बसला होता आणि दक्षिणा घेत होता. मनूला फक्त त्याचे हक्क कायम करायचे होते. नीत्शेचा श्रेष्ठ माणूस गुणाने श्रेष्ठ, मनूचा जन्माने. नीत्शेला स्वतःसाठी काही मिळवायचे नव्हते, मनू एका वर्गाचा पगारी माणूस होता. म्हणून दोघांची तुलना केली तर मनूचे तत्त्वज्ञान नीत्शेच्या तत्त्वज्ञानाहून हीन ठरते, असा बाबासाहेबांचा निवाडा आहे.

यातली रीत पाहा. नाझी नीत्शेचे नाव घेतात, हिटलर त्याच्या पुतळ्याशेजारी उभा राहून छायाचित्र काढून घेतो, हे बाबासाहेबांनी त्याच लिखाणात नोंदवले आहे. सोपा मार्ग समोर होता : मनू बरोबर नीत्शे, नीत्शे बरोबर हिटलर, म्हणून मनू बरोबर हिटलर. सभेत टाळ्या मिळवणारे हे गणित त्यांनी मांडले नाही. नीत्शेला त्याच्या पदरात पडेल तेवढे सगळे श्रेय दिले आणि मग त्याच्या शेजारी मनूला उभे केले. आम्हाला तर वाटते, त्यांनी नीत्शेला त्याच्या हक्कापेक्षा थोडे जास्तच दिले. ‘बियाँड गुड अँड ईव्हिल’ या १८८६ च्या पुस्तकात रक्त, वंश, पूर्वजांकडून येणारे गुण यांविषयी नीत्शे जे लिहितो, ते वाचल्यावर जन्म आणि गुण यांच्यातली रेघ त्याच्याकडे तेवढी स्वच्छ राहत नाही. पण प्रतिपक्षाची बाजू तो स्वतः मांडेल त्याहून चांगली मांडायची आणि तरीही ती हरते हे दाखवायचे, ही बॅरिस्टरची रीत होती. संशयाचा फायदा नीत्शेला दिला गेला आणि त्यामुळे मनूवरचा आरोप आणखी पक्का झाला.

आता साक्षीदाराने नेमके काय पाहिले होते, ते तपासू.

१८८८ च्या वसंतात नीत्शे इटलीतल्या तुरीन शहरात होता. तिथे त्याच्या हाती एक फ्रेंच पुस्तक पडले. ३१ मे रोजी त्याने आपला संगीतकार मित्र पेटर गास्ट याला मोठ्या उत्साहाने त्याबद्दल कळवले. पुस्तक १८७६ सालचे, लेखक लुई जाकोलिओ. हे गृहस्थ फ्रेंचांच्या ताब्यातील चंद्रनगरला न्यायाधीश होते आणि युरोपातले जे जे काही आहे ते भारतातूनच गेले, असे सांगणारी पुस्तके लिहिण्याचा त्यांना छंद होता. (हल्ली असे लिहिणाऱ्यांचा आपल्याकडे सत्कार होतो.) त्यांच्या आधीच्या एका पुस्तकावर माक्स म्युलरसारख्या संस्कृततज्ज्ञाने कडक टीका केलेली होती. मनुस्मृतीचे म्हणून त्यांनी जे भाषांतर दिले, त्यात मूळ ग्रंथात नसलेला मजकूर भरपूर आहे. शिवाय चांडाळ हे भारतातून बाहेर पडून पुढे ज्यू वगैरे सेमिटिक लोक झाले, अशी एक लांबलचक कल्पित कथा त्यांनी टीपेत जोडली आहे. नीत्शेने ती कथाही खरी धरून चालवली.

आणि गंमत अशी की खरे भाषांतर तेव्हा बाजारात होते. ग्योर्ग ब्यूलर यांचे मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर १८८६ साली, म्हणजे दोनच वर्षे आधी प्रसिद्ध झाले होते. हे ब्यूलर जर्मनच. ज्या एल्फिन्स्टन कॉलेजात पुढे बाबासाहेब शिकले, त्याच कॉलेजात ते प्राध्यापक होते. नीत्शेचा शाळेपासूनचा मित्र पॉल डॉयसन हा तर संस्कृतचा पंडित. एक पत्र टाकले असते तर काम झाले असते. पण नीत्शेला तेव्हा घाई होती. त्या एका वर्षात त्याने पाच पुस्तके लिहिली आणि १८८९ च्या जानेवारीत त्याचे मन कायमचे ढासळले. मनूविषयीचा त्याचा सगळा उमाळा या शेवटच्या काही महिन्यांतला आहे, हे साक्षीदाराची किंमत ठरवताना विसरता येणार नाही.

‘ट्वायलाइट ऑफ द आयडॉल्स’ या पुस्तकात नीत्शेने चांडाळांविषयीचे नियम दिले आहेत. त्यांनी फक्त कांदा आणि लसूण खावा. धान्य, फळे, अग्नी त्यांना कोणी देऊ नये. पाणी नदी-विहिरीचे घेऊ नये, दलदलीच्या कडेचे किंवा जनावरांच्या खुरांनी पडलेल्या खड्ड्यांतले घ्यावे. त्यांनी कपडे धुऊ नयेत, अंघोळ करू नये. त्यांच्या बायकांच्या बाळंतपणात शूद्र स्त्रियांनीही मदत करू नये. वाचताना अंगावर काटा येतो. आमच्या ओळखीचे कितीतरी कार्यकर्ते हा उतारा मनुस्मृतीतला म्हणून भाषणात वापरतात. वाचून दाखवला की सभा पेटते.

पण मनुस्मृतीच्या प्रचलित पाठात यातले काही नाही. हे नियम जाकोलिओच्या पुस्तकातले आहेत. आनेमारी एटर या अभ्यासक बाईंनी नीत्शे आणि मनुस्मृती यांच्या संबंधावर १९८७ साली एक सविस्तर निबंध लिहून जाकोलिओचा मजकूर किती बेभरवशाचा आहे हे दाखवले. बाबासाहेबांचा तिसरा खंड निघाला तेच हे साल.

तेव्हा सभेत हा उतारा वाचला आणि समोरच्याने मनुस्मृती पुढे ठेवून श्लोक क्रमांक विचारला, तर काय करणार? एका खोट्या उताऱ्यापायी खऱ्या शंभर श्लोकांवरून लोकांचा विश्वास उडवायला त्यांना दोन मिनिटे पुरतात. त्यांना तेच हवे असते. ‘हे लोक कुठूनही काहीही उचलतात’ एवढे एक वाक्य म्हटले की त्यांचे काम झाले.

आणि गरज तरी काय आहे? खरी मनुस्मृती पुरेशी आहे. दहावा अध्याय उघडा, एकावन्न ते छप्पन्न हे श्लोक पाहा. चांडाळाने गावाबाहेर राहावे, त्याची भांडी टाकाऊ, त्याचे धन म्हणजे कुत्री आणि गाढवे, मेलेल्यांची वस्त्रे त्याने नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत, सतत भटकत राहावे, रात्री गावात फिरू नये, दिवसा राजाने ठरवलेल्या खुणा अंगावर बाळगून यावे, फाशी दिलेल्यांचे काम करावे. त्याच अध्यायातला एकशे एकोणतिसावा श्लोक शूद्राने शक्य असूनही धन साठवू नये असे सांगतो. आठव्या अध्यायातला चारशे चौदावा सांगतो की मालकाने मुक्त केले तरी शूद्र दास्यातून सुटत नाही, कारण दास्य त्याच्या स्वभावातच आहे. जाकोलिओला यात भर घालण्याची गरज का पडावी, हेच आम्हाला कळत नाही. आमच्या म्हाताऱ्या माणसांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीत जे भोगले, ते या सहा श्लोकांत ओळीने लिहिलेले आहे. दलदलीतल्या पाण्याची काल्पनिक ओळ आम्हाला नको. महाडच्या चवदार तळ्याची खरी गोष्ट आम्हाला पुरते.

हे झाले साक्षीदाराने काय पाहिले त्याविषयी. त्याने सांगितले काय, तेही पुरते ऐकले पाहिजे. पलीकडचे वक्ते नीत्शेचे अर्धे वाक्य उचलतात. मनूच्या शेजारी नवा करार किती गरीब वाटतो, हे तो म्हणतो, यात वाद नाही. पण त्याच प्रकरणात, चांडाळांचे नियम दिल्यावर, आपल्या भावनेला याहून विरोधी काही नसेल असेही तो म्हणतो. शुद्ध रक्त ही कल्पना निरुपद्रवी तर नाहीच, उलट भयंकर आहे, असेही त्यातून शिकायला मिळते, हे त्याने लिहिले आहे. प्रकरणाचा शेवट तर आणखी कडवट आहे : माणसाला नीतिमान करण्यासाठी आजवर वापरलेली सगळी साधने अनीतीची होती, आणि मनू असो, प्लेटो असो, कन्फ्यूशियस असो की ज्यू-ख्रिस्ती गुरू असोत, खोटे बोलण्याच्या आपल्या हक्काविषयी यांपैकी कोणालाही कधी शंका आली नाही. त्याच वर्षीच्या टिपणवह्यांत तर मनूचा सारा ग्रंथ पवित्र म्हणवल्या जाणाऱ्या खोटेपणावर उभा आहे, असे त्याने नोंदवले आहे. मनूचा एवढा मोठा साक्षीदार आपल्याच पक्षकाराला खोटारडा म्हणतो, आणि वकील हे न्यायालयाला सांगत नाहीत!

अर्थात ‘ख्रिस्तांतका’त तो पुन्हा फिरतो. खोटे कोणत्या हेतूने बोलले गेले ते पाहावे, मनूचा हेतू उच्च होता, वर्णांची उतरंड निसर्गानेच घातली आहे, असे तिथे तो म्हणतो. ही त्याची भूमिका आहे आणि ती आहे तशीच सांगितली पाहिजे. तिचे उत्तर बाबासाहेबांनी दिलेले आहे : हेतू कोणाचा? नीत्शेनेच १८८७ च्या ‘नीतीची वंशावळ’ या ग्रंथात शिकवले की एखादे मूल्य चांगले म्हणून मिरवत असेल तर ते कोणी आणि कोणत्या गरजेपोटी चांगले ठरवले, हे विचारा. पुरोहितांवर तर त्याने आयुष्यभर आसूड ओढले. ते हत्यार त्याने पॅलेस्टाइनच्या पुरोहितावर चालवले आणि गंगाकाठच्या पुरोहितासमोर खाली ठेवले. का ठेवले? कारण ख्रिस्ती धर्माला झोडपायला त्याला काठी हवी होती आणि जाकोलिओने ती पुरवली. मनूत त्याला रस होता तो एवढाच.

हिटलरच्या गुरूचे काय? याचाही हिशेब चोख असावा. नीत्शेची बहीण एलिझाबेथ हिने बेर्नहार्ड फ्योर्स्टर या ज्यूद्वेष्ट्या पुढाऱ्याशी लग्न केले आणि दोघांनी पॅराग्वेमध्ये शुद्ध जर्मन वसाहत काढली. या सगळ्याचा नीत्शेला तिटकारा होता. १८८७ च्या नाताळात त्याने बहिणीला लिहिलेले संतापाचे पत्र प्रसिद्ध आहे. भाऊ वेडा झाल्यावर कागदपत्रे बहिणीच्या ताब्यात आली. ‘सत्तेची इच्छा’ या नावाने १९०१ साली निघालेले पुस्तक नीत्शेने त्या रूपात कधी लिहिलेच नव्हते. त्याच्या टिपणांतून ते जोडले गेले. १९३५ साली ती वारली तेव्हा अंत्यविधीला हिटलर स्वतः हजर होता. नीत्शेचे लिखाण मूळ हस्तलिखितांवरून नीट छापायला पुढे कोल्ली आणि मोंतिनारी हे दोन इटालियन संपादक यावे लागले. त्यांची आवृत्ती १९६७ पासून निघू लागली. वारसदारांनी विचारवंताचे काय करून ठेवावे याचे हे उदाहरण आपण तरी पुन्हा पुन्हा वाचावे. बाबासाहेबांचे नसलेले उद्गार त्यांच्या छायाचित्राखाली छापून फिरवणारे लोक आज सगळ्या पक्षांत आहेत.

पण म्हणून नीत्शेला धुऊन-पुसून आपल्या ओसरीवर आणून बसवण्याचेही कारण नाही. आपल्यातल्या काही नव्या वाचकांना तो देव मारणारा नास्तिक म्हणून आवडतो. त्यांनी १८८२ च्या पुस्तकातला तो प्रसंग पुरता वाचावा. देव मेल्याची बातमी बाजारात घेऊन येतो तो एक वेडा, आणि त्याला हसतात ते नास्तिकच. तो विजयाचा नारा नाही. समतेचा प्रचार करणाऱ्यांना नीत्शे विषारी कोळी म्हणतो. आणि चांडाळ हा शब्द तो शिवीसारखा वापरतो. ख्रिस्ती धर्माला हीन ठरवायचे तर तो चांडाळांचा धर्म म्हणायचा. तुरीनच्या खोलीत बसलेल्या माणसाला ते एक रूपक होते. आमच्यासाठी तो पत्ता होता. मराठी वर्तमानपत्रे आजही सहज ‘चांडाळचौकडी’ छापतात आणि संपादकाला काही खटकत नाही, तेव्हा नीत्शेला एकट्यालाच काय बोलावे!

बुद्धाबाबतही असेच आहे. ‘ख्रिस्तांतका’त तो बौद्ध धम्माला ख्रिस्ती धर्मापेक्षा शंभरपटीने वास्तववादी म्हणतो, तिथे देव नाही, पापाची भाषा नाही, दुःखाची आहे, सूडाला थारा नाही, असे सांगतो. हा भाग आपल्याकडे हौसेने फिरतो. पण लगेच तो धम्माला थकलेल्या संस्कृतीचा, मावळतीचा धर्म ठरवतो, हा भाग गाळला जातो. त्याचा बुद्ध ओल्डेनबर्ग यांच्या १८८१ च्या पुस्तकातून आलेला होता आणि शोपेनहौअरच्या निराशेच्या चष्म्यातून पाहिलेला होता. बाबासाहेबांचा बुद्ध निराशावादी नाही, हे ज्याने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला आहे त्याला वेगळे सांगायला नको. तरीही एक उतारा मात्र आवर्जून शोधून वाचावा असा आहे. १८८१ च्या ‘डॉन’ या पुस्तकातील शहाण्णवावा परिच्छेद. नीत्शे तिथे म्हणतो की भारतात ब्राह्मणांनी पुरोहिताला देवापेक्षा बलवान केले, त्यामुळे देव बाजूला पडले. मग पुरोहितही बाजूला पडले, आणि स्वतःचा उद्धार स्वतः करायला शिकवणारा बुद्ध आला. युरोप अजून या पायरीपासून किती दूर आहे! मनूची स्तुती करण्याच्या सात वर्षे आधीचा, शाबूत डोक्याचा हा नीत्शे आहे. व्याख्यानमालांत तो कधी येत नाही.

भाषांतराविषयीही थोडे बोलायला हवे. नीत्शेच्या मूळ जर्मन शब्दासाठी मराठीत कोणी ‘अतिमानव’ लिहितो, कोणी ‘महामानव’. आमचा ‘महामानव’ला ठाम विरोध आहे. ६ डिसेंबरला नाशिकरोडपासून शालिमारपर्यंत प्रत्येक फलकावर जो शब्द असतो, त्याचा अर्थ वेगळा आहे. आपण त्या शब्दाने लोकांना चिखलातून वर काढणाऱ्या माणसाला वंदन करतो. नीत्शेचा अतिमानव लोकांना वर काढत नाही, तो लोकांना ओलांडून जातो. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी थोर माणसाची कसोटी सांगितली होती : सामाजिक हेतूने पेटलेला, समाजाची घाण झाडून काढणारा. एकच मराठी शब्द दोघांना दिला की मग भाबडे लोक बाबासाहेबांनाच नीत्शेच्या रांगेत उभे करतात, आणि लबाड लोक त्यांना तसे करू देतात.

आता सगळ्यात नवा प्रकार. इंग्रजी शाळांत शिकलेली, समाजमाध्यमांवर वावरणारी काही सवर्ण मुले आता मनूचे नाव घेत नाहीत. ती थेट नीत्शेची परिभाषा वापरतात : तुमची सगळी चळवळ म्हणजे मत्सर, दुबळ्यांची सूडभावना, गुलामांची नीती. हा आरोप जुन्या आरोपांपेक्षा हुशार आहे आणि त्याला शिवी देऊन भागणार नाही. नीत्शेची ही संकल्पना नीट घ्या. ज्याला प्रत्यक्ष कृती करता येत नाही, तो मनातल्या मनात सूड उगवतो. बलवानाकडे जे आहे ते वाईट ठरवतो आणि आपल्या लाचारीलाच पुण्य म्हणतो. त्याची सगळी नजर समोरच्यावर खिळलेली असते. त्याच्या मते या रोगाचा मोठा कारखानदार पुरोहित.

हे वर्णन काळाराम सत्याग्रहाला लावून पाहा. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात ते स्पष्ट सांगतात की आपल्या लोकांनी मूर्तीचे पूजक व्हावे म्हणून किंवा देवळात जाऊन आपण समान होऊ म्हणून ही चळवळ मी सुरू केली नव्हती. आपल्या लोकांत चेतना यावी, त्यांना आपल्या स्थितीचे भान यावे, यासाठी ती होती, आणि ते काम झाल्यावर आता शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवावी. ज्याला समोरच्याच्या देव्हाऱ्याचा मत्सर वाटतो तो असे पत्र लिहीत नाही. दीड वर्षाने, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. एकवीस वर्षे अभ्यास करून १९५६ साली नागपुरात धम्म स्वीकारला, बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या लाचारीला पुण्य म्हणणे तिथे कुठे आहे? मेलेली ढोरे ओढू नका, मागून खाऊ नका, हे त्यांनी आधी आपल्याच लोकांना बजावले होते. जुने मूल्य फेकून नवे मूल्य निर्माण करणे नीत्शेला जर काही थोर वाटत असेल, तर त्याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी घडले आहे. उलट आपल्याकडे असलेले दार कोणी उघडू नये म्हणून पाच वर्षे दगड घेऊन उभे राहणाऱ्यांची नजर कोणावर खिळलेली होती?

नीत्शे हे मान्य करता, असे आम्ही म्हणणार नाही. त्याला समता नको होती आणि बाबासाहेबांना समतेशिवाय काही नको होते. हे अंतर मिटत नाही, मिटवूही नये. पण त्याच्या नावाने जो आरोप केला जातो, तो त्याच्याच व्याख्येत बसत नाही, हे दाखवता येते.

येत्या काही महिन्यांत पुन्हा व्याख्यानमाला सुरू होतील. कोणीतरी शाल पांघरून माईकसमोर येईल आणि जर्मन तत्त्वज्ञाने मनूला कसा मुजरा केला ते रंगवून सांगेल. आपल्या मुलांनी त्या वेळी हिटलरचे नाव काढू नये. हात वर करावा, उभे राहावे आणि शांतपणे विचारावे : सर, नीत्शेने वाचलेली मनुस्मृती कोणाची होती, आणि तिच्यातले कांदा-लसणाचे श्लोक आपल्या पोथीत कुठल्या अध्यायात आहेत? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.